तुमच्याकडे दिसतंय का?

टीव्ही बिघडला की आधी टीव्हीला हात लावायचा नाही. आधी दारात जायचं आणि शेजाऱ्यांना विचारायचं, “तुमच्याकडे दिसतंय का?”

आज हा प्रश्न विचित्र वाटेल. फोनवरचा व्हिडिओ गोल गोल फिरत राहिला म्हणून तुम्ही शेजारच्या काकूंची बेल वाजवत नाही. पण मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यापासून पुढची जवळजवळ वीस वर्षं टीव्हीच्या दुरुस्तीची पहिली पायरी हीच होती, आणि तिच्यामागे चोख तर्क होता. बहुतेकांकडे वाहिनी एकच. म्हणजे बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो: केंद्रात, मधल्या हवेत किंवा आपल्या खोक्यात. पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी आली तर प्रश्नच मिटला. गोंधळ केंद्रात आहे, आपण चहा टाकायचा. पाटी नाही, चित्रही नाही आणि शेजारीही तीच रड असेल तर जीव भांड्यात पडायचा. शेजाऱ्यांकडे मात्र स्वच्छ दिसत असेल तर पोटात गोळा यायचा, कारण आता खर्च आपला.

टीव्हीचा इतिहास आपल्याकडे मालिकांच्या नावांनी सांगतात. ‘रामायण’च्या वेळी रस्ते कसे ओस पडायचे, ‘चिमणराव’ बघायला कुणाच्या घरी गर्दी व्हायची, वगैरे. मला त्यापेक्षा टीव्ही बंद पडल्यावर घरात काय चालायचं याचं कुतूहल जास्त आहे. नव्वद सालापर्यंतचा टीव्ही म्हणजे सतत काहीतरी दुखणं घेऊन बसलेला पाहुणा होता. त्याची शुश्रूषा करता करता, फिजिक्सचं पुस्तक कधी न उघडलेल्या माणसांना त्याच्या आतलं बरंच काही कळू लागलं होतं. ते कळणं नंतर कुठे गेलं, हा माझा प्रश्न आहे.

भारतात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत, प्रयोग म्हणून. युनेस्कोच्या मदतीने आलेले ते संच कुणाच्या घरात नव्हते. शहरातल्या आणि आसपासच्या ‘टेलिक्लब’मध्ये ठेवलेले होते. २६ जानेवारी १९६७ ला शेतकऱ्यांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झालं, तेव्हाही दिल्लीजवळच्या ८० खेड्यांत सार्वजनिक संच बसवले गेले. मग १९७५-७६ मध्ये ‘साइट’ नावाचा प्रचंड प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचवला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी डिश आणि तिच्याखाली एक संच. या प्रयोगात महाराष्ट्र नव्हता. तरी त्याची आठवण काढतो, कारण इस्रोच्या लोकांना एक गोष्ट पहिल्यापासून ठाऊक होती: टीव्ही खेड्यात नेऊन ठेवणं हे अर्धंच काम, तो चालू ठेवणं हे उरलेलं अर्धं. त्यांनी दुरुस्तीची वेगळी यंत्रणाच उभी केली होती. नंतर टीव्ही घराघरांत गेला तेव्हा हे उरलेलं अर्धं काम सरकारने कुटुंबांवर आणि गल्लीतल्या मेकॅनिकवर सोडून दिलं.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरून त्याचं पुण्यासाठी सहक्षेपण सुरू झालं. टीव्ही घ्यायचा तर नुसते पैसे असून भागत नसे, पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याची फी भरावी लागे. (सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा तो काळ, सरकारला चाक आणि पडदा दोन्हींचा हिशेब हवा असायचा.) परवान्याची ही भानगड ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर संपली. सुरुवातीच्या बऱ्याच संचांत व्हॉल्व्ह असत. बटण दाबलं की आधी आवाज यायचा, मग व्हॉल्व्ह तापले की सावकाश चित्र उगवायचं. बंद केला की पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका थोडा वेळ रेंगाळायचा. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचे ‘ईसी टीव्ही’ हे त्या काळातलं मोठं नाव. ही कंपनी अणुऊर्जा खात्याची. म्हणजे अणुभट्ट्यांसाठी उपकरणं बनवणारेच लोक तुमच्या ओटीवर मराठी बातम्या दाखवण्याची सोय करत होते.

आता अँटेना. ज्यांनी गच्चीवर तो फक्त गंजलेला पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो: एक उभा खांब, त्यावर एक आडवी दांडी आणि तिच्यावर माशाच्या काट्यांसारख्या ॲल्युमिनियमच्या सळ्या. हा आराखडा जपानचा. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या दोघांनी १९२६ साली तो मांडला. त्यांच्या देशात फारसं कुणी लक्ष दिलं नाही, पण इंग्रज आणि अमेरिकनांनी तो रडारसाठी उचलला. असं सांगतात की १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला एका इंग्रज शिपायाच्या वहीत ‘यागी’ हा शब्द सापडला. हे काय असतं, असं त्यांनी कैद्याला विचारलं, तर तो म्हणाला, तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे. तीस वर्षांनी हाच यागी आमच्याकडे कावळ्यांना बसायला झाला.

त्या सळ्यांची लांबी मनाला येईल तशी नसते. पहिल्या पट्ट्यातल्या केंद्रांची तरंगलांबी साधारण साडेचार ते सहा मीटर, आणि मुख्य सळी त्याच्या निम्मी. मागची सळी थोडी लांब, ती लहरी परतवते. पुढच्या सळ्या आखूड, त्या लहरींना वाट दाखवतात. म्हणून आखूड सळ्यांची बाजू केंद्राकडे वळवायची. केंद्र जितकं लांब, तितक्या सळ्या जास्त. गावातली छपरं बघून कोण कुठलं केंद्र धरायला बघतंय हे सांगता यायचं. काही लोक अँटेनाला जर्मनची ताटली टांगत. तिने खरंच काही फरक पडायचा का? कधी कधी पडायचाही, कारण धातूचा कुठलाही पत्रा लहरी थोड्या परतवतोच. फक्त तो चांगला की वाईट हे ताटलीच्या हातात नव्हतं.

या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. पुढे दूरदर्शनच्या मराठी वाहिनीचं नाव ‘सह्याद्री’ ठेवलं गेलं याची मला गंमत वाटते, कारण सुरुवातीला टीव्हीचं आणि सह्याद्रीचं उभं वैर होतं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या पोटाशी. १९८७ च्या सुरुवातीला, ‘रामायण’ चालू झाल्यावर दोन-तीन रविवार दुसऱ्यांच्या दारात बसून काढल्यावर, बाबांनी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला. ते शाळेत शिक्षक होते; त्यांचा दोन-अडीच महिन्यांचा पगार त्यात गेला. लाकडी कपाटासारखं खोकं, पुढे सरकती दारं, वर आईने विणलेला रुमाल आणि रुमालावर प्लास्टिकची फुलं. (तो रुमाल मागच्या हवेच्या भोकांवर लोंबायचा आणि टीव्ही तापायचा. महाराष्ट्रातले किती टीव्ही विणकामामुळे लवकर गेले असतील, देव जाणे.)

आमचं गाव दोन प्रक्षेपकांच्या काठावर होतं, आणि इथेच बिघाडाला राजकारण चिकटलं. १९८२ च्या १५ ऑगस्टपासून उपग्रहावरून दिल्लीचा ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला. १९८४ साली तर काही महिने देशात जवळपास रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. हे प्रक्षेपक बहुतेक लघुशक्तीचे, म्हणजे गावाभोवती वीस-पंचवीस किलोमीटर पोचणारे, आणि ते उपग्रहाकडून येणारा दिल्लीचा कार्यक्रम जसाच्या तसा पुढे टाकायचे. मुंबईचं मराठी त्यांच्यात नव्हतं. ज्यांच्यापर्यंत सिंहगड पोचायचा त्यांना मराठी बातम्या, मराठी नाटकं, ‘आमची माती आमची माणसं’. बाकीच्या महाराष्ट्राला दिल्लीची हिंदी. ही विसंगती सुटायला पुढे काही वर्षं जावी लागली. तोवर काठावरच्या गावांमध्ये भाषा कुठली हे अँटेनाची दिशा ठरवायची.

आमच्या घरात दोन पक्ष होते. आजीला सिंहगड हवा असायचा, चित्र कितीही खराब असलं तरी. आम्हा मुलांना दिल्ली हवी असायची, कारण ती जास्त स्वच्छ दिसायची. संध्याकाळी आजीसाठी अँटेना उत्तरेला आणि जेवणं झाल्यावर परत. छपरावर चुलतभाऊ, अंगणात मी, टीव्हीसमोर ताई. “आलं, आलं… गेलं! जरा मागे घे. आवाज आला, चित्र नाही. थांब, थांब, आता हलवू नकोस!” तिघांच्या साखळीतून निरोप जायचा. छपरावर चढणं हे मुलग्यांचं काम, त्यामुळे शौर्य त्यांच्या नावावर जमा व्हायचं. पण पडद्यावर नेमकं काय बिघडलंय हे ओळखायचं काम कायम ताईकडे किंवा आईकडे असायचं. मी मोठा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की खरं निदान त्याच करत होत्या.

आजी मला एकदा म्हणाली, “दिल्लीवाले दिसतात छान, पण मला काय बोलतात ते कळत नाही. यांचं तोंड दिसत नाही, पण बोलणं कळतं.” तिच्यापुरता बिघाड सिंहगडाच्या मुंग्यांत नव्हताच.

आणि अँटेनाची ही कटकट फक्त छपरांवर होती असं समजू नका. तो राष्ट्रीय कार्यक्रम ज्याच्या भरवशावर सुरू झाला तो इन्सॅट-१ए हा उपग्रह १० एप्रिल १९८२ ला अवकाशात गेला आणि वर गेल्यावर त्याचा एक अँटेनाच उघडेना. बरेच दिवस खटपट करून तो उघडला. सौर पाल तर उघडलंच नाही. शेवटी दिशा सांभाळायचं इंधन संपलं आणि ६ सप्टेंबरला उपग्रह सोडून द्यावा लागला. सात वर्षांसाठी पाठवलेलं यंत्र पाच महिन्यांत गेलं. ३० ऑगस्ट १९८३ ला ‘चॅलेंजर’ यानातून इन्सॅट-१बी गेला, आणि त्याने मात्र पुढची कितीतरी वर्षं इमानाने काम केलं.

मुंग्यांचा विषय निघालाच आहे. सिग्नल नसला की पडद्यावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचं वारूळ फुटायचं आणि खर्र असा आवाज यायचा. इंग्रजीत त्याला बर्फ म्हणतात. आपण मुंग्या म्हटलं, आणि माझ्या मते आपला शब्द जास्त खरा, कारण ते ठिपके पडत नाहीत, वळवळतात. हे ठिपके येतात कुठून? बराचसा भाग टीव्हीच्या स्वतःच्या भागांतल्या उष्णतेचा. थोडा भाग आसपासच्या मोटारी, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, लांबच्या विजा यांचा. आणि अगदी थोडा, शंभरातला साधारण एक ठिपका, विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशाचा. तो प्रकाश थंड होत होत आता सूक्ष्मलहरी झाला आहे. पेन्झियास आणि विल्सन यांना तो १९६४ मध्ये त्यांच्या अँटेनात खरखर म्हणून सापडला. त्यांनी आधी अँटेनात बसलेली कबुतरं हाकलली, त्यांची घाण साफ केली. खरखर गेली नाही. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे आपल्याकडच्या ओट्यांवर माणसं ज्या मुंग्यांना शिव्या देत होती, त्यातली एखादी मुंगी तेरा-चौदा अब्ज वर्षांची वाट चालून आलेली होती. टीव्ही नंतर इतका शहाणा झाला की सिग्नल नसला की निळा पडदा दाखवून मोकळा होतो.

आता थापट. टीव्हीला बाजूने चापट मारली की तो चालू व्हायचा, हे तुम्ही विनोदी व्हिडिओंत पाहिलं असेल. त्यात अंधश्रद्धा काही नव्हती. आतल्या पट्टीवर शेकडो भाग कथील आणि शिशाच्या डागाने चिकटवलेले असत. टीव्ही रोज तापायचा, रोज निवायचा. धातू फुगायचा, आकसायचा. दोन-चार वर्षांत एखाद्या डागाला केसाएवढी गोल चीर पडायची. मेकॅनिक त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणत. चापटीने ती चीर क्षणभर मिटायची आणि वीज पलीकडे जायची. चॅनेलच्या फिरत्या बटणाच्या आतल्या पत्र्यांवर गंज चढायचा, तोही असाच हादऱ्याने निघायचा. चापट कुठे मारायची याचंही प्रत्येक घराचं शास्त्र असे. आमच्याकडे उजवीकडे, वरून वीतभर खाली. तिथे आत काय आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, पण दुखणं तिथे आहे एवढं माहीत होतं. मग मेकॅनिक आला की तोही आधी हेच विचारायचा: “कुठे मारल्यावर चालू होतो?”

चित्र वरून खाली धावायला लागलं तर मागचं ‘व्हर्टिकल’चं बटण फिरवायचं. चित्र आडवं फाटलं, तिरक्या रेघा झाल्या, तर ‘हॉरिझॉन्टल’. संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की विजेचा दाब पडायचा आणि चित्र चारी बाजूंनी आकसायचं, त्यासाठी स्टॅबिलायझर. वळवाचा पाऊस आला की आधी अँटेनाची चपटी वायर काढून खिडकीबाहेर टाकायची, मग वाळवण आत आणायचं. शिवाय टीव्ही चालू असला की एक बारीक शिटी वाजायची. पडद्यावर ६२५ रेघा, सेकंदाला २५ वेळा. गुणाकार केला तर १५,६२५. त्या शिटीची कंपनसंख्या तीच. मुलांना ती ऐकू यायची, वय झालेल्यांना नाही. ताई अंगणातून सांगायची, “टीव्ही चालू राहिलाय, आवाज फक्त बारीक केलाय.” बाबांना हा चमत्कार वाटायचा.

एवढं सगळं करूनही भागलं नाही की मेकॅनिक. आमच्याकडे येणारे काका तालुक्याच्या गावाहून एम-८० वरून यायचे. रेक्झिनची बॅग, तिच्यात सोल्डरिंगची काडी, मल्टिमीटर, राळेची डबी. या धंद्यात आलेली माणसं दोन प्रकारची. काही जुने रेडिओ दुरुस्त करणारे, व्हॉल्व्हपासून शिकत आलेले. बाकीचे आयटीआयमधून किंवा टपालाने शिकवणाऱ्या डिप्लोम्यांतून आलेले तरुण, ज्यांना नोकरी नव्हती पण बोटं होती. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत. भागांना नंबर असत आणि ते नंबर सगळ्या कंपन्यांत जवळपास सारखेच: बीसी १४८, बीयू २०८. कंपनी कुठलीही असो, बीयू २०८ उडाला तर बाजारातून दुसरा बीयू २०८ आणून लावायचा. संचाबरोबर सर्किटचा छापील नकाशा मिळायचा. तो आमच्याकडे आजोबांच्या सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलेला होता. यात मला काही गमतीदार वाटत नाही: दोन्ही कागद आपल्या मालकीच्या वस्तूच्या आतली हद्द दाखवणारेच होते.

काका आल्यावर आधी पाणी मागायचे, मग आरसा. दुरुस्ती मागून करायची आणि चित्र पुढे दिसतं, म्हणून बाबांचा दाढीचा आरसा टीव्हीसमोर कुणीतरी धरून उभं राहायचं. काका मागच्या झाकणातून हात घालून आरशात बघायचे. झाकण उघडलं की आधी धुळीचा लोट, मग वाळलेली एखादी पाल. काच-नळीच्या मागे पंधरा-सोळा हजार व्होल्ट असत आणि टीव्ही बंद केल्यावरही ते नळीत बसून राहत. काका वायर बांधलेला स्क्रू-ड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवायचे, चट् असा आवाज व्हायचा, आणि मग आम्हाला जवळ यायची परवानगी. सगळं घर भोवती बसलेलं असायचं. निम्मं कुतूहल आणि निम्मा संशय, कारण मेकॅनिक चांगला भाग काढून घेतो आणि जुना लावतो, असा सगळ्या गावाचा ठाम समज होता. काका तो समज ओळखून काढलेला प्रत्येक भाग बाबांच्या हातात द्यायचे. प्रश्नही बाबांनाच विचारायचे: आधी आवाज गेला की चित्र? किती दिवस असं होतंय? बाबा ताईकडे बघायचे आणि ताई उत्तर द्यायची. तिसऱ्या खेपेला काका सरळ ताईलाच विचारू लागले.

पिक्चर ट्यूब म्हातारी झाली की चित्र फिकं आणि मळकट व्हायचं. नवी ट्यूब म्हणजे संचाच्या किमतीचा मोठा हिस्सा. त्यावर ‘बूस्टर’ नावाचा इलाज होता. ट्यूबमधल्या तारेला ६.३ व्होल्ट लागत, ते थोडे वाढवून द्यायचे, की तार जास्त तापायची आणि चित्र पुन्हा उजळायचं. वर्षभर, कधी दीड वर्ष. काका स्पष्ट सांगायचे, हे औषध नाही, सलाइन आहे.

१९८२ च्या एशियाडबरोबर रंग आला, पण आमच्यासारख्या घरांत तो यायला नव्वदी उजाडली. तोवर पडद्यावर लावायची रंगीत काच मिळायची: वर निळी, मध्ये तांबूस, खाली हिरवी. आकाश आणि गवत ठीक असायचं, पण बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं. खऱ्या रंगीत टीव्हीची दुखणी नवी होती. स्पीकरचं लोहचुंबक पडद्याजवळ नेलं की रंगांचे डाग पडत, आणि मग मेकॅनिक तारेचं एक मोठं कडं पडद्यासमोर आरती ओवाळल्यासारखं फिरवून ते डाग काढत असे.

१९९१-९२ नंतर केबल आली आणि अँटेना उतरले. केबलवर माझं फार काही म्हणणं नाही. एक मात्र झालं: “तुमच्याकडे दिसतंय का?” हा प्रश्न टिकला, पण त्याचं उत्तर आता छपरावर नसून केबलवाल्याच्या मोबाइलवर होतं, आणि मॅच चालू असताना तो उचलला जात नसे.

खरा खंड पडला तो सपाट पडद्याने. याच ठिकाणी महाराष्ट्राचा एक विलक्षण धागा आहे. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, ऐंशीच्या दशकात धूत कुटुंबाने व्हिडिओकॉनचा कारखाना उभा केला. मराठवाड्यातल्या हजारो हातांना त्याने काम दिलं. २००५ मध्ये या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा सगळा व्यवसाय विकत घेतला, युरोपातल्या कारखान्यांसकट. जग ज्या वर्षांत काचेची नळी टाकून देत होतं, नेमकं तेव्हा मराठवाड्यातली कंपनी जगभरच्या नळ्या गोळा करत होती. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कारणं अनेक होती, नुसती नळी नव्हे. पण पिक्चर ट्यूबवर ज्यांचं पोट होतं त्या सगळ्यांना, मालकापासून मेकॅनिकपर्यंत, एकाच दशकात तडाखा बसला.

नव्या टीव्हीत आत उघडून बघण्यासारखं फार उरलं नाही. जिथे शेकडो भाग होते तिथे दोन-तीन पट्ट्या आणि एक पॅनेल. बीयू २०८ सारखे सगळीकडे चालणारे नंबर गेले. या मॉडेलची पट्टी त्या मॉडेलला बसत नाही. सर्किटचा नकाशा मिळत नाही. पॅनेल फुटलं तर त्याची किंमत नव्या टीव्हीच्या आसपास जाते. स्मार्ट टीव्हीत आणखी एक जात आली: यंत्र ठणठणीत आहे, पण त्याचं सॉफ्टवेअर कंपनीने अद्ययावत करणं थांबवलं, म्हणून ॲप चालत नाही. याला बिघाड म्हणायचं का, हेही आपल्याला नीट ठरवता येत नाही. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून टीव्हीवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केलं. पोर्टलवर कंपन्यांची माहिती आहे. छापील नकाशा अजून खोक्यात आलेला नाही.

जुनं ते सोनं म्हणायची माझी इच्छा नाही. जुने टीव्ही वर्षाला दोनदा तरी बसायचे, वीज खायचे, आणि त्यांच्या काचेत शिसं होतं, जे आता भंगारात कुणाच्या तरी फुप्फुसात जातंय. आजचा टीव्ही पगाराच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे आणि पाच-सहा वर्षं त्याला हात लावावा लागत नाही. हे चांगलंच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. स्वस्त होण्याच्या सौद्यात आतलं कळण्याचा हक्कही गेला, आणि तो आपण विकतोय हे आपल्याला कुणी विचारलं नाही.

काकांचं दुकान अजून आहे. एका भिंतीला जुन्या लाइन ट्रान्सफॉर्मरचे खण, त्यांना गिऱ्हाईक नाही. २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपकही बंद झाले, त्यामुळे आता कुणी जुना टीव्ही चालू करून दिला तरी त्याच्यात मुंग्यांखेरीज काही येणार नाही. काकांचा मुलगा एलईडी टीव्ही दुरुस्त करतो. मी गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा त्याच्याकडे एक बत्तीस इंची टीव्ही आला होता. मालकाला सांगण्यात आलं होतं की पॅनेल गेलंय, नवीन घ्या. मुलाने दुकानातला दिवा मालवला, टीव्ही चालू केला. आवाज येत होता, पडदा काळाकुट्ट. मग त्याने फोनचा टॉर्च लावून पडद्यावर अगदी जवळून तिरका धरला. काळ्या पडद्यात एक बाई स्वयंपाक करताना अंधूक दिसली. म्हणजे पॅनेल चित्र काढत होतं. त्याच्या मागचा उजेड तेवढा गेला होता. आतल्या पट्टीवर बारीक दिवे माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, दिवाळीच्या माळेत होतं तसं एक गेला की ओळच्या ओळ विझते. पट्ट्यांचा संच काही शे रुपयांना मिळतो आणि बसवायला तासभर लागतो, फक्त पॅनेल उचलताना हात हलता कामा नये.

टॉर्च तुमच्याही खिशात आहे. टीव्हीचा आवाज येतोय आणि पडदा काळा, असं झालं तर खोली अंधारी करा आणि हे करून बघा. उघडायला जाऊ नका, आत वीज असते. चित्र अंधूक दिसलं तर दुकानदाराला सांगा की पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट तपासा. तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल.